गुंजमास्तर

मास्तर दोन पिस्टन दोन तळहातांवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि खालचा ओठ जरासा पुढे काढून सांगायचे, "डावा दोन मासे जड." मग काट्यावर टाकले की डावा दोन मासे जड निघायचा. फार तर अडीच. चिंचपोकळीला रेल्वेच्या भिंतीला लागून आमचं वर्कशॉप होतं. तिथे येणारे टॅक्सीवाले हा प्रकार बघायला मुद्दाम रेंगाळत. मास्तरांना त्यात काही कौतुक वाटत नसे. अंदाज कितीही बरोबर आला तरी काट्यावर घातल्याशिवाय पिस्टन ते पुढे सरकवत नसत. एकदा कुणीसं म्हणालं, "मास्तर, आता काटा कशाला? तुमचा हातच काटा." तर म्हणाले, "हाताचा अंदाज असतो. न्याय काट्याचा."

तोळे, मासे, गुंजा ही सोनाराची भाषा. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. मोटारींच्या वर्कशॉपमध्ये ही भाषा बोलणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा नसावा. मी पहिल्यांदा कामाला लागलो आणि त्यांनी मला "ह्यातले तीन मासे काढ" म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या कोकणी डोळ्यांपुढे बांगडे आले होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या वहीत होतं, पण शेठपासून हमालापर्यंत सगळे त्यांना गुंजमास्तर म्हणत. समोर मास्तर, मागे गुंजमास्तर.

त्यांचं काम थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीचं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं, की त्यातले चार पिस्टन आणि त्यांना खाली धरणारे चार रॉड एकमेकांशी वजनाने जुळवायचे. न जुळवताही इंजिन चालतं. बहुतेक मिस्त्री तसंच बांधून मोकळे होत. पण मग ते थरथरतं, कुरकुरतं, बेअरिंगं खातं आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा वर्कशॉपच्या दारात येतं. मास्तर म्हणायचे, "चार जण खाटेवर आजारी माणूस घालून चाललेत. एकाची उंची वीतभर जास्त. काय होतं ते त्या चौघांना विचारू नका, खाटेवरच्याला विचारा."

महाडच्या बाजूचे होते ते. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकले. डिलाईल रोडच्या चाळीत बिऱ्हाड. अंगाने किरकोळ, केस बारीक कापलेले, खाकी हाफशर्टाच्या खिशात पेन्सिल आणि घड्याळजीचं भिंग. काटा होता चांदी तोलायचा, काचेच्या पेटीतला. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या सोनाराने दुकान बंद करताना तो त्यांना दिला होता. त्याबरोबर एका डबीत गुंजा. लालभडक, काळ्या ठिपक्याच्या, खऱ्याखुऱ्या गुंजेच्या बिया. आता झाडाची बी ती; एक दुसरीसारखी असेलच कशी? मास्तरांनी गावाहून शेरभर गुंजा आणवल्या, महिनाभर जेवणाच्या सुट्टीत एकेक तोलत बसले आणि त्यातून तंतोतंत सारख्या वजनाच्या अठ्ठेचाळीस निवडल्या. उरलेल्या शेठच्या नातीला खेळायला दिल्या.

काट्याला एकच वैरी होता, रेल्वे. गाडी आली की भिंत हादरायची आणि काटा नाचायला लागायचा. मास्तरांना गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. गाडी यायच्या आधी ते हात मागे बांधून उभे राहत, गाडी जाऊ देत, काटा शांत व्हायची वाट पाहत आणि मग वाकून बघत. दिवसातून अशी पन्नास-साठ वेळा वाट बघताना मी त्यांना पाहिलं आहे. एकदाही त्यांनी रेल्वेला शिवी दिली नाही. आम्ही देत होतो.

मी त्यांच्याकडे आलो तो काही शिकाऊ म्हणून नाही. एकोणतीस वर्षांचा होतो. एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षं फिटर होतो. तिथली माणसं कमी केली म्हणून इथे आलो. हाताचा गर्व होता. आणि दुसराही एक गर्व होता, तो सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. मास्तर कुठल्या समाजाचे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. कामाच्या जागी शिवाशीव कोण पाळतो, असं मी चारचौघांत म्हणायचो. पण वर्कशॉपमधला माठ मास्तर रोज सकाळी स्वतः घासून भरायचे आणि मी तहान लागली की रस्त्यापलीकडच्या इराण्याकडे जायचो. दोन वर्षं जात होतो. मास्तरांनी कधी विचारलं नाही. त्यांना कळत नव्हतं, असं समजण्याइतका मी मूर्ख होतो.

एकदा त्यांनी माझं काम तिसऱ्यांदा परत दिलं. चार गुंजांचा फरक होता. चार गुंजा म्हणजे अर्धा मासा; फुंकर मारली तर उडेल एवढं वजन. मी भडकलो आणि शेजारच्या लेथवाल्याला म्हणालो, "हलक्या जातीच्या माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे हे असंच." हळू म्हणालो होतो. पण नेमकी तेव्हाच गाडी निघून गेली आणि वर्कशॉपमध्ये शांतता झाली.

मास्तर काट्यापाशी होते. त्यांनी चारही रॉड उचलून माझ्या बाकावर आणून ठेवले. आवाज नेहमीचाच. "वसंता, रॉड जुळवताना पहिलं काय करतोस?"

मी कानस उचलून पुसायला घेतली.

"पहिलं शोधायचं, चौघांत सगळ्यात हलका कोण. हलक्यावर लोखंड चढवता येत नाही. म्हणून बाकी तिघांनी त्याच्या वजनाला उतरायचं. हा इंजिनाचा कायदा आहे. मी केलेला नाही." एवढं बोलून ते काट्याकडे परत गेले. त्या दिवशी मी त्या चार गुंजा काढून दिल्या. माफी मात्र मागितली नाही.

परळला एक डॉक्टरीणबाई होत्या. लालबाग-परळच्या चाळींतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्यांची एक जुनी, चार सिलिंडरची छोटी इंग्लिश गाडी होती. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की बायका पाणी तापवायला ठेवत. त्या हिवाळ्यात ती गाडी फार थरथरायला लागली. बाई स्वतः घेऊन आल्या. "मास्तर, बाळंतिणीला घेऊन निघाले की तिच्याआधी गाडीलाच कळा सुरू होतात. काहीतरी करा." मास्तरांनी इंजिन खोललं. आधीच्या कुणा मिस्त्रीने एक रॉड भलत्याच गाडीचा घातला होता. तो काढून मास्तरांनी जुन्या बाजारातून बरोबर जातीचे दोन रॉड आणले, एक घालायला आणि एक हाताशी असावा म्हणून. घालायचा होता तो पाच मासे जड निघाला. ते पाच मासे उतरवायचं काम माझ्याकडे आलं.

ह्या कामाचा एक नियम होता. रॉडच्या दोन्ही टोकांना मुद्दाम ठेवलेली जाड गाठ असते. लोखंड काढायचं ते तिथूनच. मधल्या दांडीला हात लावायचा नाही, आणि कधी लावलाच तर कानस लांबीच्या दिशेने फिरवायची, आडवी कधीच नाही. "कापड फाडताना कडेला कात्रीची एक चीर देतो ना आपण?" मास्तर म्हणत. "आडवी रेघ म्हणजे ती चीर. उरलेलं काम इंजिन स्वतः करतं." दांडी चालत्या इंजिनात तुटली तर बाहेरचं लोखंड फोडून बाहेर येते. मग गाडीतल्यांचं जे होईल ते होईल.

हे सगळं मला माहीत होतं. पण त्या शनिवारी सगळी मुंबई तापलेली होती. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, केंद्राकडे ठेवायची, अशी बातमी रेडिओवर येणार म्हणून कुजबुज होती. हरताळ होईल, कर्फ्यू लागेल, असं जो तो म्हणत होता. माझ्या बायकोला, शालिनीला, नववा महिना होता. मला घरी पळायचं होतं. गाठीतून लोखंड काढणं म्हणजे चार-पाच तासांचं नाजूक काम. मी इकडेतिकडे पाहिलं, रॉड ग्राइंडरला धरला आणि मधल्या दांडीतून आडवं लोखंड काढलं. वीस मिनिटांत पाच मासे उतरले. वर पॉलिश पेपर मारून रेघा झाकल्या.

मास्तरांनी रॉड काट्यावर घातला. गाडी जाऊ दिली. वाकून बघितलं. दोन्ही टोकं वेगवेगळी तोलली. वजन चोख होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "हात बसला तुझा, वसंता."

दोन वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली स्तुती. संध्याकाळपर्यंत इंजिन बांधून झालं, गाडीत बसलं.

बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. ट्राम बंद, दुकानं बंद, गल्लीच्या तोंडाला पिंपं आणि दगड. दूरवर गोळीबाराचे आवाज. अख्खा रविवार मी घरात बसून होतो. शालिनीने दोनदा विचारलं, "अहो, जेवत का नाही? बाहेरच्या गडबडीने एवढे घाबरलात?" काय सांगणार तिला? हिचं बाळंतपण बाईंकडेच ठरलेलं; चार-दोन दिवसांत हिला त्याच गाडीत बसवून न्यायचं. त्या दांडीवरच्या रेघा मला डोळे मिटले तरी दिसत होत्या. मी पुढे जे केलं ते बायकोच्या काळजीने केलं, हे कबूल करतो. दुसऱ्या कुणाची बायको असती तर मी केलं असतं का, हे मला आजही ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी कर्फ्यू जरा सैल झाला तसा मी गल्ल्यागल्ल्यांतून चिंचपोकळीला गेलो. मास्तर दोन दिवस वर्कशॉपमध्येच राहिले होते. बाईंची गाडी दारात काढून ते किल्ली फिरवण्याच्या बेतात होते.

"मास्तर, चालू करू नका."

त्यांनी हात थांबवला.

"तो रॉड मी दांडीतून घासलाय. आडवा. घाई होती."

मला वाटलं, आता मारतील. मलाच स्वतःला मारावंसं वाटत होतं. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरले.

"स्टोव्हवर चहा आहे. घे. मग खोलू."

आम्ही इंजिन पुन्हा उतरवलं. वरचं हेड काढलं, खालचं तेलाचं भांडं काढलं, रॉड बाहेर काढला. मास्तरांनी भिंग डोळ्याला लावून तो उजेडात धरला. "कुठं?" एवढंच विचारलं. मी बोट ठेवलं. पॉलिशखालून तीन आडव्या रेघा दिसत होत्या, केसासारख्या. मास्तरांनी रॉड पकडीत आवळला आणि करवतीने मधोमध कापायला घेतला. चांगल्या पोलादाचा रॉड तो, कापायला अर्धा तास लागला. मी म्हटलं, "मास्तर, नुसता भंगारात टाकू की." ते म्हणाले, "भंगारातून कुणीतरी उचलील. कुणाच्या तरी गाडीत बसेल. त्याला कोण येऊन सांगणार आहे?"

हाताशी ठेवलेला दुसरा रॉड त्यांनी काट्यावर घातला. तो चौघांतला सगळ्यात हलका निघाला. बाकीच्यांपेक्षा तीन माशांनी. म्हणजे आधी जुळवलेले तिन्ही आता त्याच्या वजनाला उतरवायचे. दोन-तीन दिवसांचं काम पहिल्यापासून पुन्हा. मास्तर काट्याकडे बघून नुसते हसले. "इंजिनाचा कायदा," म्हणाले. मग टोपी घालून बाहेर पडले. कुठे चालले ते मला सांगितलं नाही. कर्फ्यू पुन्हा लागायच्या आत मीही घर गाठलं.

मंगळवारी दुपारी शालिनीला कळा सुरू झाल्या. चाळीत सुईण होती, तीही आधीच गावी गेलेली. शेजारचा एक जण गल्ल्यांमधून परळला धावला. मी गॅलरीत उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. गाडी नाही हे मला माहीत होतं. ती माझ्यामुळेच नव्हती. तासाभराने कोपऱ्यावर बाई दिसल्या, पायी. रस्त्यात दगडांचा खच पडलेला, त्यातून पाय उचलत येत होत्या. आणि त्यांच्या चार पावलं पुढे, एका हातात बाईंची काळी बॅग आणि दुसऱ्या हातात पांढरा रुमाल उंच धरून, गुंजमास्तर.

बाई तडक आत गेल्या. मास्तर जिन्यापाशीच थांबले. मी बाईंच्या हातावर पाणी घालत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या मास्तरांनी माझं काम बिघडवलंन. काल स्वतः येऊन सांगून गेले. माझ्या हाताखाली बिघडलं, तीन दिवस द्या, तोवर तुमची बॅग मी उचलतो म्हणाले. कालपासून हा माणूस माझ्याबरोबर पायी फिरतोय. एवढा चोख माणूस, कसं बिघडवलं असेल हो?"

"बाई, त्यांनी नाही. मी बिघडवलं."

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "बरं. पाणी घाला. नीट घाला." आणि त्या पडद्याआड गेल्या.

मी बाहेर आलो. मास्तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. चेहरा घामाने आणि धुळीने माखलेला, ओठ सुकलेले. मी घरात गेलो, आमच्या पिण्याच्या पाण्याच्या घागरीतून तांब्या भरला. घाईघाईत अर्धाच भरला. माझी आई चुलीपाशी होती. सोवळंओवळं कडक पाळणारी, मालवणकडची म्हातारी. पाणी कुणासाठी नेतोय ते तिला बरोबर कळलं होतं. मी तिच्या बोलण्याची वाट बघत उंबऱ्यात थांबलो.

आई म्हणाली, "भरान दी रे. अर्धो तांब्यो कित्याक?"

मास्तर सगळा तांब्या प्यायले. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. आधी कधीतरी बोलायला हवं होतं ते बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आतल्या आवाजाकडे मान केली. पोरगी रडत होती.

बाईंनी हातकाट्याला झोळी अडकवून तिचं वजन केलं. "सहा पौंड. छान आहे." मास्तर बाहेरूनच म्हणाले, "बाई, काटा तपासलेला आहे ना?" आत शालिनीसुद्धा हसली. तीन दिवसांत आमच्या चाळीत हसण्याचा तो पहिला आवाज.

बुधवारी सकाळी मी वर्कशॉपला पोचलो. तिघांपैकी दोन रॉड मास्तरांनी उतरवून ठेवले होते. कधी केले, झोपले कधी, कोण जाणे. तिसरा माझ्या बाकावर होता, शेजारी बारीक कानस.

"हा तुझा," मास्तर म्हणाले.

मला वाटलं होतं, यापुढे रॉडला मला ते हात लावू देणार नाहीत. मी तो उचलला. चार तास लागले. फक्त गाठीतून, दाणा-दाणा लोखंड काढत गेलो. गाड्या बंद होत्या. भिंत हादरत नव्हती. काचेच्या पेटीतला काटा दिवसभर एकदाही नाचला नाही. मास्तर दोनदा सवयीने हात मागे बांधून उभे राहिले, मग लक्षात आल्यावर स्वतःशीच हसले. मी रॉड नेऊन दिला. त्यांनी तोलला. भिंगाने दांडी बघितली, इंच-इंच. "ठीक," म्हणाले. स्तुती नाही. आणि मला तेच बरं वाटलं. मग मी माठापाशी जाऊन दोन पेले पाणी प्यायलो. त्यांनी पाठ फिरवून काटा पुसायला घेतला होता.

शुक्रवारी बाई गाडी न्यायला आल्या. मास्तरांनी इंजिन चालू करून ठेवलं होतं. बाई बसल्या आणि त्यांनी पुन्हा स्टार्टर मारला. खर्र करून चाकाचे दाते घासल्याचा आवाज झाला. दचकून म्हणाल्या, "चालू आहे?" मास्तरांनी मान डोलावली. आम्ही सगळे हसलो. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते इंजिनाकडे कान देऊन उभे होते. गाडी नजरेआड गेली तरी उभे होते.

पुढे चार-पाच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या बाकावर काम केलं. त्याच सालच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. वर्कशॉपमधल्या हत्यारांची पूजा करायला मग ते थांबत नसत. पण आदल्या दिवशी प्रत्येक हत्यार रॉकेलने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायचे ते तेच. "पूजा तुम्ही करा. स्वच्छ मी करतो," म्हणायचे. मुंबई महाराष्ट्रात आणायच्या चळवळीच्या सभांना आम्ही बरोबर जात असू. घोषणा ते देत नसत, पण सभा संपेपर्यंत जागचे हलत नसत. आमचे शेठ गुजराथी. एकदा काही पोरं त्यांच्या नावाच्या पाटीवर डांबर फासायला आली, तेव्हा मास्तर पाटीपुढे उभे राहिले. "मुंबई आपली म्हणता ना? मग हा माणूसही आपलाच झाला. आपल्या घरावर डांबर फासतं का कुणी?" पोरं डबा घेऊन परत गेली. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी शेठनेच पेढे वाटले आणि पहिला पेढा मास्तरांना दिला.

तोळे-मासे जाऊन ग्रॅम आले तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारा आता अडणार. त्यांनी नवी वजनं आणली, आठवडाभर दोन्हींत तोलून एक कोष्टक लिहिलं आणि माझ्या बाकासमोर चिकटवलं. "माप बदललं म्हणून फरक बदलत नाही," एवढंच बोलले.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. भिंगातून रेघ दिसेना. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं नाही. एका सकाळी त्यांनी पिस्टन तोलला, आकडा सांगितला आणि मला बोलावलं. "तू बघ." मी बघितलं. त्यांचा आकडा चुकला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी हात पुसले, भिंग माझ्या खिशात घातलं आणि शेठकडे जाऊन महिनाअखेरपासून येणार नाही म्हणून सांगितलं. निरोपसमारंभ करायचा म्हटला तर त्या दिवशी आलेच नाहीत.

नंतर भेटी कमी होत गेल्या. मी अँटॉप हिलला राहायला गेलो, दोघा जणांबरोबर स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. ते गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. डिलाईल रोडच्या चाळीत मी त्यांच्या घरी त्याआधी कधी गेलो नव्हतो. त्यांनी बोलावलं नाही असं नाही, मीच गेलो नव्हतो. दारात त्यांच्या पत्नी होत्या. मी नाव सांगितलं. त्यांना ओळख पटेना. "मास्तरांच्या हाताखाली होतो. चिंचपोकळीला," म्हटलं.

त्यांनी निरखून पाहिलं. "ते आपण होऊन सांगणारे? रॉडचं?"

मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "पोरांनी काही लपवलं की तुमचंच उदाहरण द्यायचे. कुणाला कळलं नसतं, तरी येऊन सांगितलंन म्हणायचे. नाव वसंता सांगायचे, मला आपलं वाटायचं कुणी लहान पोर असेल."

"वहिनी, पण मी लगेच नाही सांगितलं," मी म्हटलं. "दीड दिवस गप्प बसलो होतो."

"तेही सांगायचे," त्या म्हणाल्या. "दीड दिवसात सांगितलंन म्हणायचे. लोकांना जन्म पुरत नाही."

त्यांच्या धाकट्या मुलाने चहा आणून दिला. मी तो प्यायलो, आणि बराच वेळ तिथून उठलो नाही.